साड्यांच्या कपाटातली हार्डडिस्क

भावोजी, एका कंप्युटरला दोन हार्डडिस्क लागत नायत. तेव्हा पण सांगत होतो, आज पण सांगतोय.

एक मशीनमध्ये बसवलीत, ठीक. दुसरी ताईच्या साड्यांच्या कपाटात कशाला?

मी मस्कतला उन्हात पाइप ओढून पाठवलेल्या पैशाची वस्तू. आणि ती लग्नातल्या शालूखाली झोपलेली!

बोला ना.

आज सकाळी भावोजी गेले. रोह्याजवळ वरसेला, राहत्या घरी. ताईचा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे पेणजवळच्या हमरापूरचे, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात वाढलेले. पुढे रोह्याला कंपनीत लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती कंपनी बंद पडली.

घरात हौसेने घेतलेला एक सेकंडहँड कंप्युटर होता. ताईला मराठी टायपिंग येत होतं. दोघांनी त्याच्यावरच धंदा चालू केला. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांची बिलबुकं, भावपत्रकं, अधूनमधून लग्नपत्रिका. ताई टाइप करायची, भावोजी प्रिंट घेऊन पेणला छापखान्यात जायचे. घर त्याच्यावर.

मी तेव्हा विशीतला. आठवी नापास, पण खिशात परदेशचा पगार. फोनवर म्हटलं, "महिन्याला पैसे पाठवतो, घरखर्चाला घ्या."

"नको."

"अहो, बहिणीसाठी."

"तुझी बहीण माझी बायको हाय. उपाशी नाय ती."

फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, "बरं, मशीनला दे."

मला वाटलं मोठा मॉनिटर घेतील. यांनी दुसरी हार्डडिस्क आणली.

मग दर रविवारी एकच कार्यक्रम. मशीनचं झाकण काढायचं, ती डिस्क जोडायची आणि पहिलीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं. नुसत्या फायली नाही. विंडोज, मराठी फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर, सिस्टिमच्या सिस्टिम. झालं की काढून, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात.

तोवर कंप्युटरला कोणी हात लावायचा नाही. चहाचा कप पण त्या खोलीत न्यायचा नाही.

ताई म्हणायची, "देवानं नवरा एकच दिला, त्याची काय कॉपी नाय माझ्याकडं. आणि ह्या डबड्याची बघा!"

एका वर्षी गणपतीच्या आधी सुट्टीवर आलो, तर हे सगळं डोळ्यांनी बघितलं.

"भावोजी, ही वापरणार कधी?"

"वापरायची नाय म्हणून तर ठेवलीय."

"म्हंजे?"

"आमच्या कारखान्यात ओतायचा साचा वेगळा, ठेवायचा वेगळा. ओतायचा झिजतो, फाटतो. ठेवायच्याला कोण हात नाय लावत. तो हाय म्हणून पुढच्या सालाला गणपती हाय."

"हे मशीन हाय भावोजी, मूर्ती नाय."

"म्हणून तर जास्ती भ्या वाटतं."

मी हसलो. खूप हसलो.

त्याच आठवड्यात एका दुपारी लाइट यायला-जायला लागली. एकदा जोरात आली, आणि मशीनमधून टक टक टक. स्क्रीन काळी.

जोह्याच्या एका कारखान्याची भावपत्रकं दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायची होती. गणपतीपर्यंतचा किराणा त्या एका कामावर होता. ताई मटकन खाली बसली.

मी लगेच शूर. कंप्युटर चादरीत बांधला आणि निघालो.

"कुठं चाललास?" भावोजी.

"पेणला. दुरुस्तीला."

"तो आठ दिवस ठेवील आणि सगळं पुसून कोरा देईल. ठेव खाली. ताईसाठी चहा टाक."

मी चहा टाकेपर्यंत त्यांनी मेलेली डिस्क काढली, कपाटातली बसवली, वायरी लावल्या. बटण दाबलं. ताईने डोळे गच्च मिटलेले.

तोच कंप्युटर. तेच निळं आभाळ, तीच चिन्हं, त्याच जागी. जसं काही झालंच नाही. ताईने एक अक्षर दाबून बघितलं. मराठीत उमटलं.

रविवारनंतरचं काम तेवढं गेलं होतं. ते टाइप करताना ताई शिव्या घालत होती. लाइटवाल्यांना, मला आणि सगळ्यात जास्त भावोजींना.

"मला का गो?" भावोजी.

"आठवड्यातनं एकदाच कॉपी काढता! रोज काढायला काय धाड भरते?"

भावपत्रकं वेळेत गेली.

परत निघालो तेव्हा रोह्याच्या स्टँडवर मी त्यांच्या खिशात नोटा कोंबल्या. त्यांनी काढून माझ्याच पिशवीत घातल्या.

"मंगेश, आमचं आमच्या हातानं चालू दे. तू हा असा. आज इथं, उद्या तिथं. कधी पडलास तर यायला एक चालतं घर पायजे ना?"

तेव्हा राग आला होता.

मी पडलो. एकदा एजंटने फसवलं, एकदा माझ्याच डोक्याने. दोन्ही वेळा रिकामी बॅग घेऊन वरसेला आलो. भावोजींनी काही विचारलं नाही. दारातूनच आत आवाज दिला, "तांदूळ वाढव गो, मंगेश आलाय."

पोरं मोठी झाली, ताईचं दुकान झालं, तरी घरखर्चाला माझा एक रुपया त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही.

आज ताईला विचारलं, काय पाहिजे?

"काय नको. तू ये."

उद्याचं तिकीट मिळालंय. म्हणजे खांदा द्यायला मी नाही.

भावोजी, इथूनच पाया पडतो. सावकाश जा.

ताई, आता नको म्हणू नको गो. घरखर्चाला पाठवतोय. चाळीस हजार.