अकलोलीचं गरम पाणी

आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेनं दिलेला तक्ता मी स्वयंपाकघरात पाठ केला. भाजी परतता परतता मोठ्यानं म्हणायचे: सडकून ताप, नाहीतर अंग गारढोण. हुडहुडी. श्वास जोरात. लघवी कमी. माणूस भलतंच बोलायला लागतो. साध्या जखमेचं इन्फेक्शन अंगभर पसरलं की हे असं होतं, त्याला सेप्सिस म्हणतात, आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. ऐकायला घरात कोणी नाही, त्यामुळे चुकलं तरी लाज नाही. शेजारच्या शेडमधले लूम दिवसभर खडखडतात, म्हणून नारपोलीत सगळेच मोठ्यानं बोलतात. मी जरा जास्तच. नवरा म्हणायचा, "हळू बोल, लूम घाबरून बंद पडतील."

नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नाशिकला. रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बरं ठेवते. तीन मिनिटांच्या वर गेला तर मीच घड्याळाकडे बघते, काय झालं म्हणून.

वेळ जात नाही म्हणून मी हा तक्ता लोकांना समजावून सांगायचं काम धरलं, असं गल्लीत सगळ्यांना वाटतं. ते अगदीच खोटं नाही. भिंतीशी बोलण्यापेक्षा चार माणसांशी बोललेलं बरं. पैसे मिळत नाहीत, निळं जाकीट मिळतं. भिवंडीच्या उकाड्यात जाकीट! ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा भर मे महिन्यात लूमच्या शेडमध्ये आणून उभं करायला पाहिजे.

जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये जाते. लूमवाल्याच्या हाताला लागलं की मशीनच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेवर दाबायचा, वरून सुताचे चार वेढे मारायचे आणि पुन्हा ड्युटीला उभं राहायचं, ही इथली रीत. माझा नवरा मुकादम होता. जन्मभर त्यानं स्वतःला हेच केलं आणि हाताखालच्यांनाही हेच बांधलं. मी सांगते, बाबांनो, साबणानं धुवा, डॉक्टरला दाखवा, ताप आला तर वाट बघू नका. "हां चाची, सही बात है," म्हणतात आणि उठून लूम चालू करतात. दिवसभरात मला नात्यानं हाक मारणारे तेवढेच, म्हणून मी रागावत नाही. फारसं.

शेवटी मी नवऱ्याची गोष्ट सांगते. मंगळवारी लूममधून लोखंडी टोकाचा धोटा उडून नडगीवर बसला, तेलाचा बोळा बांधला, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, सातव्या दिवशी गेले. लोक चुकचुकतात. मधला चौथा दिवस मी कधी सांगितला नव्हता. मुलीलाही नाही.

मागच्या महिन्यात गावाच्या कडेच्या एका आगरी वस्तीत कार्यक्रम होता. गुरुवारची दुपार, समाजमंदिराचा हॉल, चाळीसेक बायका. संस्थेतली ताई बरोबर होती. वयानं माझ्या मुलीएवढी, पण ताई. मी तक्ता दाखवला, नवऱ्याची गोष्ट सांगितली, बिस्किटं वाटली. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई उभी राहिली.

"माझ्या मालकाच्या पायाला गोदामातला पत्रा लागलाय," ती म्हणाली. "पाय सुजून टम्म झालाय. कालपासून थंडी वाजते, आणि मला त्याच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारतोय. तुमी सांगतलंत तसंच हाय सगळं."

"मग आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," मी म्हटलं.

"नेते की. उद्या शुक्रवार, पोराची लूमला सुट्टी हाय. उद्या आदी अकलोलीला नेते, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून आणते. मंग परवा दवाखान्यात."

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. कोणाची खरूज तिथं गेली होती, कोणाचा गुडघा. ताई आपली समजावतेय, जखम अशी बरी होत नाही, उलट वेळ जातो. शहरातून आलेल्या पोरीचं ऐकून घ्यावं तसं त्यांनी तिचं ऐकून घेतलं.

"कुंडाचं पाणी आजवर कुणाला बाधलं न्हाय," ती बाई म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला बाधलं."

मग मी चौथा दिवस सांगितला. तोही शुक्रवारच होता, लूम बंद. सकाळी नवऱ्याला ताप होता, नडगी लालभडक. तो स्वतःहून म्हणाला होता, "दवाखान्यात जाऊन येऊ या का?" मीच म्हटलं, कशाला सुया टोचून घेता, अकलोलीला जाऊ, माझ्या आईच्या पायाची जखम तिथंच सुकली होती. हट्ट करून नेला. कुंडाच्या पायरीवर बसवला, पाय पाण्यात सोडले. त्या गरम पाण्यात माणूस दातावर दात आपटत थरथरत होता, आणि मी म्हणतेय, पाण्याचा गुण येतोय, घाण बाहेर पडतेय. मध्येच त्यानं विचारलं, "लूमवर बीम चढवला का?" मी हसले. म्हटलं, "अहो, इथंही ड्युटीच?" तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं, काल संध्याकाळपासून. एक अख्खा दिवस मी गिळून टाकला. मुलगी धावत आली, तिलाही तेच सांगितलं.

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून तिनं चपला शोधल्या आणि शेजारणीला म्हणाली, "चल गो, रिक्षा बघ." ताई त्यांच्याबरोबर धावली. बाकीच्या बायका दोघी-दोघींनी उठून गेल्या. माझ्याजवळून जाताना एकजण दुसरीला म्हणाली, "सोताच नवऱ्याला नेलान, आणि आता आपल्याला शिकवतंय." खरं होतं, म्हणून मला राग आला नाही. आला. पण बोलायला तोंड कुठं होतं?

सतरंजी मी एकटीनं गुंडाळली. उरलेली बिस्किटं पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी लूम बंद, त्यामुळे घरात माझ्याच बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी तक्ता काढलाच नाही. कोणाला पाठ म्हणून दाखवायचा?

बारा दिवसांनी ताईचा फोन आला. तो माणूस घरी आला होता. पाय राहिला, माणूसही राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. ताईचा आवाज आनंदानं भरून आला होता. मी "छान झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, आधी माझ्या पोटात दुखलं. तिचा वाचला. चार वाक्यांनी वाचला. ती चार वाक्यं मला त्या शुक्रवारी कोणी का नाही सांगितली? मग ओट्याला टेकून खाली बसले आणि भरपूर रडले.

रडून झाल्यावर वाटलं, चाळीस परक्या बायकांना सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही, हे काही बरोबर नाही. वार मंगळवार होता. मुलीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"काय झालं आई?"

मी सगळं सांगितलं. तो दवाखान्यात जाऊ या म्हणाला होता, हेसुद्धा. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"तू दवाखान्यात आणलेली बाबांची पिशवी मीच रिकामी केली होती. टॉवेल दमट होता, गंधकाचा वास येत होता. लहानपणी दर वर्षी नेत होतात तुम्ही मला. अकलोलीचा वास मला कळत नाही होय? मीच धुतला तो टॉवेल."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. दर रविवारी."

तीन वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. गोळी घेतलीस का, बरं ठेवते. मला वाटायचं, पोरीला माझ्याशी बोलायला वेळ नाही.

"आई, एक विचारू?" ती म्हणाली. "पाण्यात बसल्यावर बाबांना बरं वाटलं होतं का?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवसातलं फक्त माझं चुकलेलं तेवढं मी राखून ठेवलं होतं. आता आठवलं. थरथर मध्ये थोडा वेळ थांबली होती. त्यानं डोळे मिटले होते, माझा हात धरला होता, आणि मी निघू या म्हटल्यावर मान हलवून नको म्हटलं होतं.

"हो," मी म्हटलं. "बरं वाटतंय म्हणाले. अजून थोडा वेळ बसू म्हणाले."

पलीकडे ती रडत होती. मी फोन कानाला धरून बसून राहिले. घड्याळाकडे बघितलं नाही, आणि तीही ठेवते म्हणाली नाही.