फक्कीनं आखलेला बाजार

एक वेडेपणा आधी सांगून टाकते. पंचविशीत, नगररचनेची पदवी नवी आणि अक्कल त्याहून नवी असताना, माण तालुक्यातल्या एका गावचा आठवडी बाजार मी साताऱ्यात बसून आखला. वांगी एका ओळीत, मिरच्या दुसऱ्या, कांदे तिसऱ्या. कागदावर इतका देखणा, की मीच त्याच्या प्रेमात पडले. ओटे बांधले गेले. त्यांवर शेळ्यांशिवाय कोणी बसलं नाही.

नातवंडं झाल्यावर याच फजितीवर पीएच.डी. करायला घेतली. शेवटचं प्रकरण अडलं होतं. नवी मांडणी भाजी विकणाऱ्या बायकांना पटली तर प्रबंध, नाही तर रद्दी. गावानं मला एकाच आठवड्याचा बाजार आखून बघायला दिला होता.

पहिल्या एसटीनं साताऱ्याहून निघाले. कोरेगावपर्यंत ऊस, आलं. पुसेगाव सुटलं तशी हिरवाई विरळ झाली, आणि दहिवडीपुढं बोडके माळ, मेंढरांचे कळप.

"आजी, पोत्यात पीठ हाय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"फक्की (मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड). बाजार आखायचाय."

"ह्या वयात?"

"त्या वयात आखला तो चुकला."

गावात पोचून रेघा मारल्या. शेळ्यांनी निम्म्या पुसल्या. कंबर धरून पुन्हा मारल्या. एकेका गावाला एकेक ओळ. कारण एका टेम्पोतून आलेल्या बायका एकमेकींच्या पाट्या सांभाळतात. एक चहाला उठली की शेजारीण तिचा माल विकते. पहिल्या वेळी मी त्यांना भाजीनुसार पांगवलं होतं.

टेम्पो आला. बायका उतरल्या आणि कडेलाच उभ्या राहिल्या.

"रेघा कुणी मारल्या? कबड्डी हाय का आज?" कांदेवाली हिराबाई गरजली.

"मी. ते ओटेही माझेच."

"आवं, त्या तुमीच व्हय! आमच्या सासूनं लय शिव्या घातल्यात तुमाला."

"पोचल्या. ही ओळ तुमच्या गावाची. बसून बघा, नाही पटलं तर पायानं पुसा."

तिनं ओळीतून एक फेरी मारली, कडेच्या कडुलिंबाकडं पाहिलं. "दुपारी ऊन कुठं येतं?"

"रस्त्यावर. तुमच्यावर नाही."

तिनं बारदान अंथरलं आणि कांदे ओतले. "या गं समद्या!"

ओळ भरली. तिच्या जावेनं मला माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ पेय) दिलं. ते मी ओळीच्या मधोमध उभी राहून ऐटीत प्याले.

प्रबंध मान्य झाला. तरुणपणी तोरा फुकटचा होता. आताचा कमावलेला आहे, म्हणून घरभर मिरवते. गावानं मांडणी तीच ठेवली. कंदी पेढे घेऊन गेले, तेव्हा हिराबाई पेढा तोंडात टाकत म्हणाली,

"ह्यो बाजार कुणी मांडला आसं इचारलं, की मी सांगते, मी आन् साताऱ्याच्या म्हातारीनं. माजं नाव आधी घेते. पयली बसले मी."