सईसाठी आबांनी लावलेलं दही

दुपारी फोन वाजला तेव्हा वाटलं, शाळेचाच. माझ्या लेकीचं, सईचं पोट पुन्हा दुखत असणार... पण फोन हातकणंगल्याहून दिरांचा होता. "वहिनी, आबा गेलं." गोठ्यातनं येऊन घराच्या पुढच्या सोप्यात टेकले, ते उठलेच नाहीत.

आबा माझे सासरे. तरुणपणी तालमीत कुस्ती खेळत घुमलेले, घरच्या म्हशींच्या दुधावर पोसलेले. दुधाशिवाय पोर वाढतं, हे त्यांना पटायचंच नाही. सकाळी एसटीनं कोल्हापूरला आमच्याकडे किटली घेऊन यायचे आणि सईचा पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. सई तेव्हा चौथीत होती. शाळेत गेली की थोड्या वेळानं पोट धरून बसायची. कळा, गॅस, जुलाब... एकदा वर्गातच कपडे खराब झाले. मग ती डबाही खाईना. बाईंना वाटलं, शाळा बुडवायचे बहाणे. पोर वाळत चालली होती आणि माझ्या मनात नको नको ते आजार येत होते.

डॉक्टरांनी काही दिवस दूध बंद करून पाहिलं. कळा थांबल्या. "दुधातली साखर हिला पचत नाही. दही मात्र थोडं थोडं देऊन बघा," ते म्हणाले. हायसं वाटलं, पण लगेच दुसरी धास्ती... आबांना सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी दारातच चाचरत सांगितलं. आबा सईकडे वळले. "म्हंजे मी पाजत हुतो आन् तुला कळा येत हुत्या व्हय गं? बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते किटलीसकट तसेच शाळेत गेले. "बाई, पोरगी खोटं बोलत न्हाई. चूक माजी हाय," अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

त्यानंतर किटलीच्या जागी दह्याची बरणी येऊ लागली. दही आबा स्वतः लावायचे, आणि सईला सोसलं का, हे विचारल्याशिवाय परतायचे नाहीत.

ते गेले त्या दिवशी गावी पोचलो, तर फडताळात त्यांनी लावलेलं दही होतं. सईनं ते कुणाला टाकू दिलं नाही. त्यातलंच विरजण घेऊन आम्ही कोल्हापूरला आलो. आता रोज संध्याकाळी मी दही लावते आणि सकाळी भीत भीत झाकण उघडते... एखाद्या दिवशी नाहीच लागलं तर? सई मात्र आधी उद्याच्या विरजणाला चमचाभर वाटीत बाजूला काढते, मगच खायला बसते.