सात नंबरचा तुकडा आणि टॅपस्कॉटबाईंच्या पाट्या

आमच्या नेदरकोम गावात कुणी कुणाला तोंडावर काही सांगत नाही. सांगायचं ते पाटीवर, आणि पाटी लिहायची टॅपस्कॉटबाईंनी. पंचायतीच्या चिटणीस म्हणून चाळीस वर्षं त्या गावाला वळण लावत आल्या, पण एका माणसावर आवाज चढवला असेल तर शपथ.

सभागृहाच्या स्वयंपाकघरात पाटी: ‘कप धुऊन पालथे ठेवण्यात यावेत.’ तळ्याकाठी: ‘बदकांना कोरडा पाव घालण्यात येऊ नये.’ चर्चच्या दाराशी: ‘चिखलाचे बूट बाहेर काढण्यात यावेत.’ ही शेवटची पाटी लागली त्या रविवारी पाद्रीसाहेब शेतातून थेट आले होते. भोक पडलेल्या मोज्यांवर प्रवचनाला उभे राहिले बिचारे, पण पाटी मोडली नाही. प्रवचन दया या विषयावर होतं. आमचं सगळं लक्ष अंगठ्याकडे.

तर कोण ठेवणार, कोण काढणार, हे बाई कधीच लिहीत नसत. याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण आम्ही एकाच शाळेतले. शाळा म्हणजे एक खोली आणि एक शेगडी. मास्तरीणबाई रोज सकाळी फळ्यावर कालचे गुन्हे लिहायच्या, नावानिशी. एकदा तीन दिवस फळ्यावर होतं, ‘म्युरिएल टॅपस्कॉटने दौत सांडली.’ म्युरिएल तीन दिवस मान खाली घालून बसली. दौत मी सांडली होती. साठ वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

मोठेपणी बस थांब्यावर त्यांनी मला आपलं शास्त्र समजावलं होतं. "हे बघा पर्सी, मेंढ्या व्यालेल्या असतील तिथे मी लिहिते, कुत्री बांधली गेलीच पाहिजेत. तिथे चर्चा नाही. कपबशांचं असेल तर, ठेवण्यात याव्यात. तिथे माणसाच्या अकलेवर सोडायचं. आणि माझ्या कुंपणाबाहेर सफरचंदं पडली की लिहिते, घेता येतील. म्हणजे घेणाऱ्याला चोरासारखं वाटत नाही."

"आणि नाव?"

"नाव कशाला? ज्याला लागू त्याला बरोबर कळतं. ज्याला लागू नाही त्याचा अपमान होत नाही."

हे शास्त्र एकदाच तोंडघशी पडलं. तीच गोष्ट सांगतो.

तळ्यामागे गावाचा सामाईक मळा आहे. त्याचे अठरा तुकडे, एका घराला एक. नियम असा की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पंच फेरी मारतात, आणि ज्याचा तुकडा खणलेला नसेल त्याचा काढून तुकड्याची वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. कारण गुड फ्रायडेला सगळ्या गावाने बटाटे लावायचे, ही आमच्या आजोबा-पणजोबांपासूनची रीत.

सात नंबर रेडव्हर्स चबचा. एकतीस वर्षं त्याचाच. त्याच्या कांद्याला दर साली पहिलं बक्षीस. त्या हिवाळ्यात त्याची पाठ गेली. मार्च संपत आला तरी सात नंबरवर गुडघाभर तण. तुकडा गेला असता तर रेडव्हर्सने दिवसभर जायचं कुठे? घरात त्याचं असं एक घड्याळ होतं, तेही बंद.

मदत म्हणाल तर त्याला मदतीचा रागच. मी फावडं घेऊन गेलो होतो. म्हणाला, "माझ्या जमिनीत परक्याचं फावडं पडलं की कांदे रुसतात. घरी जा." त्याच्या मेव्हण्याने एकदा न विचारता गवत उपटलं होतं, तर त्याच्याशी हा दोन वर्षं बोलला नाही.

पंचांचे अध्यक्ष बाईंना म्हणाले, चबला नावाने नोटीस धाडा. बाईंनी मान डोलावली आणि मळ्याच्या फाटकावर पाटी लावली: ‘खणायचे राहिलेले तुकडे बुधवारपर्यंत खणले गेलेच पाहिजेत.’

मी ती वाचली आणि मला घाम फुटला. माझ्या तुकड्यात स्ट्रॉबेरीमागचा कोपरा राहिला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर एडना म्हणते, "कुणासाठी आहे ते अख्ख्या गावाला कळलंय. मी तुला फेब्रुवारीपासून सांगत्येय, तो कोपरा खण म्हणून."

सोमवारपर्यंत सतरा तुकडे असे खणून निघाले की त्यात कुणी लग्नाचं जेवण वाढावं. जो तो म्हणत होता, बाईंनी आपल्यालाच धरलं. डॉक्टरीणबाईंचा तर मळ्यात तुकडाच नाही, त्यांनी घाबरून घरासमोरची फुलं उपटली.

रेडव्हर्स काठी टेकत कुंपणाशी आला. "पाटी झकास लागलीय, पर्सी. तुझ्यासाठी होती ना?"

"बहुतेक."

"वाटलंच मला. आळशी माणसाला पाटीच पाहिजे."

आणि सात नंबरच्या तणाकडे न बघता घरी गेला.

मंगळवारी बाई मळ्यात येऊन त्या तणाकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, या खेपेला नाव घालायला हवं होतं."

"नाव घातलं असतं तर तो आपला आपण खणायला आला असता. मग तुकडा राहिला असता आणि माणूस गेला असता."

"मग आता?"

"उद्या तो पाठ दाखवायला टाँटनच्या इस्पितळात जातोय. दहाच्या बसने. चारला परत." एवढं बोलून बाईंनी पर्समधून कोरं कार्ड काढलं.

बुधवारी बस वळणाआड गेली आणि दहा वाजून पाच मिनिटांनी अवजारांच्या खोपटावर पाटी लागली: ‘सात नंबरचा तुकडा खणता येईल. नावे विचारण्यात येणार नाहीत.’

नऊ जण आले. कुणी कुणाशी बोललं नाही, जणू सगळे दुसऱ्याच कामाला निघाले होते आणि वाटेत फावडं जमिनीत गेलं. बाई रविवारची टोपी आणि हातमोजे घालून तण उपटत होत्या. दुपारी एडनाने थर्मासमधला चहा फिरवला. साडेतीनला तुकडा ब्लँकेटसारखा साफ. बाईंनी पाटी काढून पर्समध्ये टाकली.

चारच्या बसने रेडव्हर्स आला. फाटकातच थांबला. "हे कोणी केलं?"

मी झारीच्या भोकांकडे बघायला लागलो. बाकीच्यांनी आपापलं काहीतरी शोधलं.

"खणण्यात आलंय, चबसाहेब," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. कोणी खणलं?"

"तशी नोंद नाही."

तो तुकड्याच्या कडेकडेने फिरला. काठीने ढेकूळ फोडून बघितलं. याने चिडून तुकडा सोडला असता तर संपलं होतं सगळं. शेवटी म्हणाला, "डावीकडची रांग वाकडी आहे. ज्याने खणली त्याच्या हातात फावडं देणं म्हणजे गाढवाला पियानो देणं."

डावीकडची रांग माझी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात एडनाने दंडाला असा चिमटा काढला की इस्टरपर्यंत वळ होता.

गुरुवारी पंच आले, सात नंबरसमोर थांबले, वहीत खूण केली, पुढे गेले. तुकडा राहिला.

शुक्रवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव मळ्यात. रेडव्हर्सने ढकलगाडीतून बेण्याच्या बटाट्यांचं पोतं आणलं आणि ते बांधावर उतरवून नुसता उभा राहिला. वाकला तर पाठ जाणार, आणि कुणाला बोलवायचं तर जिभेला सवय नाही. आम्ही आपापल्या ओळीत, पण कान त्याच्याकडे.

बऱ्याच वेळाने तो आभाळाकडे बघून म्हणाला, "हे बटाटे आज लावले गेले पाहिजेत." आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

सगळ्यात आधी टॅपस्कॉटबाई आल्या. मातीत गुडघे टेकले आणि पोत्यात हात घातला.

"कोंब वर, बाई."

"वरच आहेत, चबसाहेब."

"मग बरं. एडना, जरा खोल घाल, पक्ष्यांसाठी नाही लावत आपण."

मग काय, दोन तास त्याने बादलीवर बसून आम्हा नऊ जणांना एकेकाचं नाव घेऊन झापलं. खणायला कोण होतं ते त्याला कसं कळलं, त्यालाच ठाऊक. एकदाही चुकला नाही. अकरा ओळी लागल्या. बाराव्या ओळीला बाईंचे गुडघे भरून आले, तेव्हा त्याने काठीने माझ्याकडे खूण केली.

"पर्सी, तू ये इकडे. मला एकट्याला नाही जमायचं हे."

मी गेलो.