पाटा खाली, वरवंटा वर

गजराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते चऱ्होलीतल्या त्यांच्या जुन्या घराच्या ओट्यावर, मेथी निवडताना. मी बीडकडून नुकताच आलेला, भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटलेला, हातात पत्र्याची ट्रंक. घरामागे त्यांनी भाड्याने द्यायच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यातली एक रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. गाव कोणतं, लग्न झालंय का, दारू पितोस का, असल्या प्रश्नांची उत्तरं मी वाटेत पाठ केली होती. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मान वर न करता म्हणाल्या, "खोली हाय. पण भिंतीपल्याड आमचा पाटा हाय. सकाळी वाटणाचा आवाज हुतो. झोपमोड झाली म्हणून मागनं कुरकुर करायची न्हाई."

"नाही करणार."

"आत्ता म्हणतोस. रातपाळी लागू दे, मग बघू."

घरातली मुलं आईला 'बाई' म्हणत, म्हणून आम्ही भाडेकरूही त्यांना बाईच म्हणू लागलो. ते भाडेकरू आज निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत पांगलेत. कुणाचा फ्लॅट झाला, कुणाचं दुकान, माझं चाकणला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप उभं राहिलं. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढावा हे या जुन्या भाडेकरूंच्याच मनात आलं. मला लिहायला सांगितलं तेव्हा एकाने बजावलं, "राव, कर्तृत्व वगैरे लिहा. चटणी-भाकरीवर जाऊ नका." पण बाईंच्या बाबतीत कर्तृत्व स्वयंपाकघरातूनच बाहेर येतं, त्याला माझा इलाज नाही.

घर तेव्हा भरलेलं होतं. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे नाना, शेतात असायचे. थोरले चिरंजीव बाळासाहेब, त्यांच्या पत्नी मंगलताई, धाकटे संतोष, गोठ्यात म्हशी आणि मागे आम्ही पाळीवाले. कोण कुठल्या शिफ्टला आहे हे बाईंना तोंडपाठ. माझ्या दाराशी पोरं दंगा करू लागली की त्या ओरडायच्या, "हिथं नगं. आत रातपाळीचा माणूस झोपलाय." हा नियम वरवंट्याला मात्र लागू नव्हता. मी सकाळी येऊन आडवा व्हायचो आणि भिंतीपल्याड वाटण सुरू व्हायचं. आधी मी डोक्यावर उशी घेत असे, पुढे कान तयार झाले. शेंगदाण्याची चटणी खरखरीत बोलते, ओल्या खोबऱ्याचं वाटण दबकं. बाई वाटत असल्या की एकच लय. मंगलताई वाटत असल्या आणि बाळासाहेबांशी काही बिनसलेलं असलं, तर दगड आपटल्याचा आवाज यायचा, आणि पाठोपाठ बाईंचा, "मंगल, मिरची वाट. नवऱ्याला नको."

तो पाटा बाईंच्या आजेसासूच्या लग्नात बैलगाडीतून आला असं घरात सांगतात. मधोमध झिजून त्याला खोलगट वाटीसारखा आकार आला आहे. आता दारावर 'टाकी लावायची का' म्हणून ओरडत येणाऱ्या, पाट्याला छिन्नीने टाचे मारून देणाऱ्या बायका दिसत नाहीत, तर बाईंनी त्यातल्या एकीचा फोन नंबर नातवाकडून मोबाइलमध्ये घालून घेतलाय. पाटा गुळगुळीत झाला की फोन जातो.

घरात अशा जुन्या वस्तू कितीतरी, आणि त्यातली एकही शोभेला नाही. सासूबाईंचा कुंकवाचा करंडा आहे. त्यात आता शर्टाची बटणं, सेफ्टी पिना आणि मोबाइलचं सिमकार्ड काढायची ती बारीक पिन असते. शोधाशोध झाली की घरात एकच हाक ऐकू येते, "करंड्यात बघा." तांब्याचं मोठं घंगाळ आहे. संतोषरावांच्या ओळखीचे एक इंटिरियर डेकोरेटर घर बघायला आले होते. घंगाळ बघून ते हरखले. म्हणाले, "आजी, याला पॉलिश करू, दारात ठेवू, पाण्यात फुलं सोडू. लोक बघत राहतील." बाई तेव्हा त्यात गोधड्या तुडवत होत्या. म्हणाल्या, "सोड की फुलं. गोधड्या वाळत घातल्या की मग सोड."

ही नुसती काटकसर नव्हे. बाईंचं म्हणणं असं की मेलेल्या माणसाची आठवण भिंतीवर टांगून राहत नाही, हाताला लागावी लागते. सासूबाईंचा फोटो त्यांच्या घरात आहे, पण त्याला हार वर्षातून एकदा. करंडा रोज.

माझ्या घरावर त्यांचे उपकार अनेक, त्यातला एकच सांगतो. आमचा मुलगा झाला तेव्हा माझी आई गावी आजारी, सासूबाई हयात नव्हत्या. बारसं कोण करणार या विचाराने पत्नी रडवेली झालेली. बाई आल्या, कमरेला पदर खोचला आणि पाळण्यापासून सगळं त्यांनी केलं. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला बाळासारखं सजवतात, पाळण्याखालून एकीने दुसरीकडे द्यायचा, दुसरीने वरून परत करायचा, मग बाळ पाळण्यात जातं. बाईंनी आपला वरवंटा धुतला, त्याला कुंकू-काजळ लावलं, माझ्या मुलाचं टोपडं घातलं आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "धर. ह्यो रडत न्हाई, म्हणून आधी ह्याच्यावर हात बसव." शेजारच्या खोलीत नांदेडकडचं बौद्ध कुटुंब होतं. त्यांच्याकडे मुलगी झाली तेव्हा बाई आधी दारात उभ्या राहून विचारत्या झाल्या, "तुमच्यात कसं करत्यात? तसंच करू." त्या घरी वंदना झाली, आणि पाळणा सजवून नेऊन दिला तो बाईंनीच.

आता मुद्द्याचं. हे छापावं की नाही असं मी दोन्ही भावांना विचारलं होतं. बाळासाहेब म्हणाले, "छापा, सगळ्या गावाला म्हायती हाय." संतोषराव म्हणाले, "गाळ्याचं पण लिहा." म्हणून लिहितो.

नाना गेले. पुढे जुनं घर उतरवून तिथे इमारत झाली, मागच्या खोल्या तेवढ्या राहिल्या. पहिला मजला बाळासाहेबांचा, दुसरा संतोषरावांचा, खाली रस्त्याकडेला दुकानाचा गाळा. तो गाळा कुणाचा, यावरून दोघा भावांत वाजलं आणि बोलणं बंद झालं. एका जिन्यावरून ये-जा करणारे सख्खे भाऊ फॅमिली ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकून एकमेकांना कळवू लागले. बाई दोघांच्याही घरात बसत. एक दिवस त्यांनीच सांगितलं, "वाटण्या करून टाका. भांडीकुंडीबी."

पंच म्हणून मला बोलावलं. मी धंद्याचा माणूस. वर्कशॉपमधला वजनकाटा टेम्पोत घालून नेला, पितळ-तांबं तोललं, आणि दोन ढीग असे बरोबर लावले की कुणाला बोलायला जागा नको. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "भंगारवाला बरा. तो निदान मोकळं बोलतो." आणि उठून त्यांनी स्वतः ढीग लावायला घेतले. घंगाळ एकाला, बंब दुसऱ्याला, इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाल्या, "पाटा बाळासाहेबाला. वरवंटा संतोषला."

मंगलताई हळूच म्हणाल्या, "बाई, चुकून..."

"चुकून न्हाई."

बाळासाहेब म्हणाले, "अगं, नुसत्या पाट्याचं मी काय करू?"

"बस त्याच्यावर."

"आणि मी नुसत्या वरवंट्याचं?" संतोषराव.

"दाराला लाव. तुझं दार वाऱ्यानं लई आपटतं."

राहिला प्रश्न बाईंचा. भावांनी आपसात, म्हणजे माझ्यामार्फत, ठरवलं होतं की आई सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. ते मी जमेल तितकं गोड करून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "मला ढिगात धरू नका," म्हणाल्या. "मागली खोली रिकामी हाय. ह्या दोन दगडांची गाठ पडंल तवा माझं सामान हालवा."

आणि खरोखर त्या मागच्या खोलीत राहायला गेल्या. ती माझीच जुनी खोली. तवा, काथवट, स्टोव्ह आणि अंथरूण, एवढंच नेलं. स्वतःच्या दोन मुलांची इमारत समोर, आणि सत्तरी ओलांडलेली आई भाडेकरूच्या खोलीत भाकरी थापतेय. गावात चर्चा झाली. मुलं, सुना, वेगवेगळ्या वेळी येऊन विनवून गेली. बाईंनी प्रत्येकाला चहा पाजला. एकाबद्दल दुसऱ्याशी त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर सोपं होतं, पण त्या रागावलेल्या नव्हत्या, वाट बघत होत्या. थंडीत त्यांचा खोकला वाढला तेव्हा मी म्हणालो, "बाई, पुरे आता. त्यांनी दोघांनी मिक्सर घेतलेत. पाट्यावाचून कुणाचं अडत नाही."

"अडंल," त्या म्हणाल्या. "मिक्सरला टोपडं घालता येत न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाळासाहेबांची मुलगी प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती.

बारशाच्या दिवशी मी आणि पत्नी जरा लवकरच पोचलो. पहिल्या मजल्यावर बायकांची गर्दी, घुगऱ्या शिजत होत्या, राजगुरुनगरहून व्याही मंडळी निघाल्याचा फोन येऊन गेलेला. बाई पाळण्याला झालर बांधत बसल्या होत्या. आणि कुणीतरी विचारलं, "वरवंटा कुठाय?"

मंगलताईंनी बाळासाहेबांकडे पाहिलं. बाळासाहेबांनी खिडकीकडे. एक भाचा मोबाइल काढत म्हणाला, "मामा, मागवतो. दहा मिनिटांत दगडसुद्धा घरपोच येतो आता." प्राजक्ता बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माझ्या बारशाला होता तोच पायजे. नायतर बारसं नको." बाई झालरीची गाठ मारत राहिल्या, मात्र तीच ती गाठ त्यांनी सोडून पुन्हा मारलेली मी पाहिली.

बाळासाहेब चप्पल न घालताच जिन्याकडे गेले. मी दाराशी उभा होतो, आणि माझे कान कसे आहेत ते वर सांगितलंच आहे. वरची बेल वाजली. दार उघडलं.

"काय?"

"वरवंटा पायजे हुता."

"कशाला?"

"बारसं हाय. तुला म्हायती न्हाई व्हय?"

"मला कुणी बोलवलंय?"

"ग्रुपवर टाकलं हुतं की."

"ग्रुपवर. सख्ख्या चुलत्याला ग्रुपवर."

मग बाळासाहेब म्हणाले, "आत्ता आलोय न्हवं बोलवायला. चल."

"थांब. शर्ट घालतो."

आतून संतोषरावांच्या पत्नी अश्विनीताईंचा आवाज आला, "दादा, टोपडं घेऊ नका कुणाचं. मी शिवून ठेवलंय."

संतोषराव वरवंटा दोन्ही हातांवर आडवा घेऊन खाली आले. बाईंनी मान वर केली. "धुतलास का?"

"धुतला. दाराला लावलेला म्हणून दोनदा धुतला."

बाईंनी त्याला काजळ लावलं. नवं टोपडं त्याला जरा सैल झालं. पाळण्याच्या एका बाजूला मंगलताई बसल्या, दुसऱ्या बाजूला अश्विनीताई. खालून दिला, वरून घेतला. दोघी जावांचे हात कितीतरी महिन्यांनी एकमेकींना लागले असतील. अश्विनीताईंना रडू आलं, मंगलताईंनी त्यांना डाव्या हाताने ढोसलं, "दगड पडंल पायावर. नीट धर." मग बाळ पाळण्यात गेलं, व्याह्यांबरोबर आलेल्या आत्याने नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. निघताना संतोषराव वरवंटा उचलू लागले, तर बाळासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे खाली. कुठं वर-खाली करतोस." बाई लगेच माझ्याकडे वळल्या, "तुझा टेंपो हाय न्हवं? सोमवारी माझं सामान हालव."

"कुठं नेऊ? खाली का वर?"

"मी खाली. भाकरीचा तवा वर. बघू कुणाला आधी भूक लागती."

वाचकहो, यातून सगळं गोड झालं असं समजू नका. संतोषरावांना शब्द दिलाय म्हणून लिहितो की गाळ्याचा वाद अजून मिटलेला नाही. परवा मी बाईंना भेटायला गेलो तेव्हा दोघं भाऊ अंगणात उभे राहून त्याच गाळ्यावरून हमरीतुमरीवर आले होते. मी मध्ये पडायला उठलो. बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. डोळे मिटून त्या ऐकत होत्या, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पुन्हा उठलो नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भांडू दे. तोंडानं बोलत्यात ना."

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, कान आजच्यासारखेच लख्ख राहोत, आणि त्यांच्या अंगणात दोन्ही लेकरांचा असाच मोठा आवाज त्यांना पुढची कितीतरी वर्षं ऐकू येत राहो.