आकडा घे, नाव घेऊ नको

तात्या मयताच्या घरी गेले, की माणूस कशानं गेला हे कधीच विचारत नसत. दाराशी चपला काढायच्या, भिंतीला टेकून बसायचं, घटकाभर गप्प राहायचं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, "उशाला किती वाकळी घेत हुता?" एक म्हणजे एक गोष्ट, चार म्हणजे दुसरीच. आपल्या माणसाला आडवं पडता येत नव्हतं, हे घरचे आपणहून सांगत नाहीत. वाकळी किती, हे मात्र कुणीही सांगतं. मग थुंकायला राखेचं डबडं होतं का, जिना चढताना मध्ये बसायचा का, कामाला शेवटचा कधी गेला. तिथंच त्यांनी दिलेला चहा घ्यायचा आणि उठायचं. वहीत जे लिहायचं ते गल्ली ओलांडल्यावर.

तात्या म्हणजे सोलापुरातले देवी डॉक्टर. डॉक्टर नव्हेत, पोरांच्या दंडावर देवी काढणारे आणि मयतांची चौकशी करून नोंद घेणारे आरोग्य खात्यातले साधे नोकर. काळी टोपी, काखेत छत्री. ते दिसले की गल्लीतली पोरं पत्र्याखाली लपत, आणि तात्या त्यांच्या आयांना म्हणत, "लपू दे की. सुईला भिणारं पोर शहाणं असतं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. गिरणी कामगारांसाठी पत्रकं लिहायचं काम मी करत होतो, अजूनही करतो. कापूस पिंजायच्या खात्यात माणसं छाती फुटून मरतात, हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण दाद मागायला गेलं की साहेबलोक मृत्यूचं रजिस्टर पुढं करत: पटकी, देवी, प्लेग, हगवण, आणि बाकी सगळा 'ताप'. जो उठला तो तापानं मेला! मी तात्यांना तोंडावर म्हणालो, की गिरणी माणसाला एकदा मारते आणि तुमचं खातं दुसऱ्यांदा. ते म्हणाले, "व्हय. रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या शाळेत ये. दुसऱ्यांदा कसं मारायचं न्हाय त्याचाच वर्ग हाय."

वर्ग खराच होता. वरून रोगांची नवी छापील यादी आली होती. प्रत्येक रोगाला स्वतंत्र आकडा. पुढच्या वर्षापासून मृत्यूची नोंद त्या आकड्यानंच करायची. मोठ्या डॉक्टरांनी एक तास ती इंग्रजीत वाचून दाखवली आणि ते मोटारीत बसून गेले. समोर बसलेले स्मशानाचे कारकून, कंपाउंडर आणि दोन नर्सबाया एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना शिकवायचं काम तात्यांच्या गळ्यात पडलं. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण माणसांशी बोलता येत होतं.

यादी त्यांनी बाजूला ठेवली आणि सोंगं काढायला लावली. एकानं मयताची बायको व्हायचं, दुसऱ्यानं चौकशीला जायचं. स्मशानाचा कारकून सिद्राम, मिशीवाला, अंगानं आडवा. त्यानं उपरणं डोक्यावरून घेऊन पदर केला. नर्सबाया हसून हसून बाकावर पडल्या. पण सोंग सुरू झालं आणि सिद्राम एवढंच म्हणत राहिला, "ताप आला आन् गेले, बाई." काही केल्या पुढं सरकेना. तात्यांनी विचारलं, खरं का सांगत नाहीस? सिद्राम पदराआडून म्हणाला, "घरात लगनाची पोरगी हाय. दीर गिरणीत हाय. कसं सांगू?"

हसणं थांबलं. सिद्रामनं सोंगात जे सांगितलं, ते सोलापुरातल्या निम्म्या चाळींचं होतं. क्षयाचं नाव निघालं की त्या घराशी कुणी सोयरीक करत नाही, आणि गिरणीत माणसं कामावर घेणारा जॉबर भावालाही दारातून परत पाठवतो.

तात्या म्हणाले, "म्हणूनच हा आकडा आलाय असं समजा. साहेबानं तो कशासाठी आणला ते त्याला ठावं. आपण असं करायचं: रोगाचं नाव घरच्यांच्या तोंडून काढायचं न्हाय. आपल्याला कळलं की पोटात ठेवायचं आन् आकडा लिहायचा. क्षयाचा आकडा तेवीस. शेजाऱ्यानं वहीत डोकावलं तरी त्याला काय दिसतंय? तेवीस."

चितेपाशी विचारायचं नाही, तिसऱ्या दिवशी घरी जायचं, हाही त्यांचाच नियम. स्मशानात माणूस तोंडाला येईल ते बोलून मोकळा होतो, असं ते म्हणत. सहा-सात महिन्यांत सिद्रामसारखा ढिला माणूससुद्धा तयार झाला. रजिस्टरातला ताप उतरायला लागला. तेवीस, तेवीस, तेवीस. आणि पत्ते बघावेत तर गिरण्यांच्या भिंतीला लागलेल्या चाळींचे.

एके दिवशी तात्यांनी त्यांची कच्ची वही माझ्यापुढं ठेवली. त्यात नाव, चाळ, खातं, आकडा, सगळं होतं. मी नको म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "आकडा घे, नाव घेऊ नको. एवढं पाळ."

मी पाळलं नाही.

आज कुणी विचारलं तर कारण सांगता येतं. नुसते आकडे छापलेलं पत्रक कुणी वाचत नाही; नाव वाचलं की काळजाला लागतं. अशी विद्या मी शिकलो होतो आणि ती मला खरी वाटत होती. मी नावं छापली, चाळी छापल्या, आणि वर ठळक टायपात छापलं, की तेवीस आकड्याचा अर्थ क्षय. पत्रक गिरणीच्या दारात हातोहात गेलं. मला वाटलं, जिंकलो.

आठ दिवसांत काय झालं ते सांगतो. छापलेल्या एका नावाचा धाकटा भाऊ गिरणीच्या दारात अडवला गेला. एका घरची ठरलेली सोयरीक मोडली. नारळ परत आला. सार्वजनिक नळावर एका म्हातारीची घागर बायकांनी पायानं बाजूला सारली. भांडणात लोक एकमेकांना 'तेवीस' म्हणू लागले. आणि गिरणीचं? काही नाही. मालकाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मी तात्यांच्या घरी गेलो. ओशाळलो होतो, पण ताठा होताच. म्हणालो, पत्रकात खोटं एक अक्षर नाही.

"न्हायच की," तात्या म्हणाले. "खोटं असतं तर लोकांनी फाडून चुलीत घातलं असतं. खरं हुतं म्हणून तर त्या घरांवर पडलं."

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी आणून ठेवलं. त्या आत गेल्यावर तात्या म्हणाले, "माझं काय न्हाय. पण आता सिद्रामला कोण खरं सांगंल, सांग."

कुणीच सांगितलं नाही. चौकशीला गेलं की दार अर्धं उघडायचं, आतून 'ताप' एवढा शब्द यायचा आणि दार लागायचं. कचेरीनं तात्यांची वही काढून घेतली, वर्ग बंद केला आणि त्यांना पुन्हा पोरांच्या दंडावर बसवलं. नवी यादी भिंतीवर टांगलेलीच होती. तापालाही काहीतरी आकडा असतोच. कारकून तो लिहू लागले.

तात्या मात्र छापलेल्या प्रत्येक घरी गेले. मला बरोबर घेतलं नाही. कुणी बसा म्हणालं नाही तर दाराबाहेर उभं राहून ते म्हणत, "चूक माझी. वही माझी हुती." माझं नाव त्यांनी एकाही दारात घेतलं नाही, हे मला पुढं सिद्रामनं सांगितलं. एका बाईनं त्यांच्या अंगावर राखेचं पाणी फेकलं. ते छत्रीनं धोतर झटकून पुढच्या दाराला गेले.

पुढच्या वर्षी तात्या वारले. दोन महिने अंथरुणाला होते. मी जात असे, जवळ बसत असे. त्यांना काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही त्यावर बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सिद्राम घरी आला, तात्यांनी शिकवलं होतं तसा. चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला, चहा घेतला. काकू समोर होत्या. त्यांची मुलगी आतल्या दाराशी उभी होती. तिला बघायला पाहुणे पुढच्या महिन्यात यायचे होते. सिद्रामनं इकडचं तिकडचं विचारलं. मग त्याला पुढचं विचारवेना. काकूच म्हणाल्या, "ताप आला आन् गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या खोलीत ओरडून खरं सांगणारा एक माणूस बसला आहे, हे त्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली. सिद्राम उठला. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. तिथं त्यानं वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्यादेखत लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं.

ते इथं देत नाही. मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. तात्यांचं नाव, गाव, हुद्दा मी बदलून लिहिला आहे, घर कुठल्या पेठेत ते सांगितलेलं नाही. कुणी मला विचारायला येऊ नये.