वाडीच्या चढावरचा आपद्धर्म

मंडळी, अभिनंदन नंतर करा, आधी ऐका.

शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहासाठी तुमच्याकडून वर्गणी घेऊन मी आज पोहलो, सायकल चालवली, धावलो. फक्त वाडीच्या चढावर शेजारून ट्रक गेला, तेव्हा त्याची मागची साखळी धरून सायकल वर ओढून घेतली. आपद्धर्म, असे मनाला समजावले.

दुपारी शुश्रूषागृहात गेलो. सायकलवर टपाल वाटण्यात जन्म घालवलेले गुलाबराव खाटेवरून म्हणाले, "शास्त्रीबुवा, वाडीच्या चढावर उतरले तर नाही ना गा?"

"नाही." तेवढे खरे होते.

"शाब्बास! मले तं रोज उतराच लागे."

माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

खरे सांगू, की त्यांचा आनंद राहू देऊ? लवकर कळवा, त्यांच्यापाशी फार दिवस नाहीत.